डोझर केवढा मागवायचा? आधी मातीचा हिशेब, मग मशीनचा

वळिवाचे एक-दोन पाऊस झाले की बेळगाव, खानापूर आणि पलीकडे चंदगड भागात एकच घाई सुरू होते. कुणाला चढ-उताराचं रान सपाट करायचं असतं, कुणाला घराच्या प्लॉटवर भराव टाकायचा असतं, कुणाला काजूच्या बागेत जायला वाट पाडायची असते. धूळवाफ पेरणीच्या आत सगळं उरकायचं म्हणून मिळेल ते मशीन बोलावलं जातं. हंगाम संपल्यावर मात्र तक्रारी ऐकू येतात. बिल अंदाजाच्या दुप्पट झालं, वरची काळी माती गाडली गेली, शेजाऱ्याशी हद्दीवरून वाजलं.

बुलडोझर हा शब्द अलीकडे बातम्यांत येतो तो पाडापाडीसाठी. 13 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्याविषयी निकाल देऊन घर पाडण्याआधी निदान पंधरा दिवसांची नोटीस सक्तीची केली. आपल्या भागात मात्र डोझर येतो तो मालकानंच बोलावलेला, त्याच्याच जमिनीत आणि त्याच्याच खर्चानं. इथं नोटीस द्यायला कुणी नसतं. जे बिघडतं ते मालकाचंच बिघडतं. म्हणूनच मशीन केवढं हवं हा प्रश्न नीट तपासायला हवा.

या लेखाचं म्हणणं थोडक्यात असं: आपल्याकडे मशीनचा आकार सगळ्यात आधी ठरतो आणि माती किती हलवायची हे शेवटी कळतं. हा क्रम उलटा केला तर बहुतेक शेतांना लहान मशीन पुरतं, आणि जिथं खरंच मोठं लागतं तिथं ते का लागतं हेही कळतं.

कुठलं मशीन कशाचं

बोलताना आपण सगळ्यालाच 'जेसीबी' म्हणतो. जेसीबी हे एका ब्रिटिश कंपनीचं नाव, तर पोकलेन हे मूळ एका फ्रेंच कंपनीचं. आता दोन्ही नावं मशीनच्या प्रकाराला चिकटली आहेत. कामाच्या दृष्टीनं मात्र चार वेगळे प्रकार आहेत.

पहिला, ब्लेड लावलेला ट्रॅक्टर. नांगरून मोकळी केलेली माती चार-सहा इंच इकडची तिकडे करायला तो पुरेसा आहे. घट्ट जमीन तो कापू शकत नाही.

दुसरा, नेहमीचा पिवळा जेसीबी. वजन साधारण साडेसात टन, इंजिन 76 हॉर्सपॉवरचं, पुढचा बकेट 1.1 घनमीटरचा, म्हणजे जवळपास 0.4 ब्रास. चर खणणं, पाया काढणं, ट्रॉली भरणं ही त्याची खरी कामं. एकरभर रान खरवडून सपाट करणं हे त्याचं मूळ काम नव्हे. तो ते करतो, पण टायरवर मागे-पुढे फिरून ओली जमीन चेपून टाकतो आणि तासही जास्त लावतो.

तिसरा पोकलेन. सात टनांपासून वीस टनांपर्यंतचे पोकलेन आपल्याकडे सर्रास दिसतात. एका जागी उभं राहून खोल खणायचं, बुंधे उपटायचे, टिपर भरायचे तर याच्यासारखं दुसरं मशीन नाही. माती लांब ढकलणं याला जमत नाही.

चौथा, चेनवरचा डोझर. माती कापून पुढे ढकलायची आणि पसरायची, एवढ्यासाठीच तो बनलेला आहे. लहान डोझर साधारण आठ टनांचा आणि 80 हॉर्सपॉवरच्या आसपासचा. मधला वीस टनांचा, 200 हॉर्सपॉवरच्या घरातला. त्याहून मोठे खाणीत आणि धरणाच्या कामावर जातात. खासगी शेतात त्यांची गरज पडत नाही.

डोझरचं काम ढकलण्याचं असल्यामुळे अंतराला मर्यादा आहे. पन्नास-साठ मीटरपर्यंत तो परवडतो. शंभर मीटरच्या पुढे माती न्यायची असेल तर पोकलेन आणि टिपर लावावेत. तिथं डोझर केवढाही मोठा आणला तरी अर्धा वेळ रिकामा मागे येण्यात जातो.

एका एकराचं गणित

आता हिशेबाला बसू. एक गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट, चाळीस गुंठ्यांचा एकर म्हणजे 43,560 चौरस फूट. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. म्हणजे एका एकरातली एक फूट माती सुमारे 436 ब्रास भरते.

समजा एक एकराचं रान आहे, उताराच्या दिशेनं 200 फूट लांब आणि सुमारे 218 फूट रुंद. वरच्या बांधापासून खालच्या बांधापर्यंत तीन फुटांचा उतार आहे. इथं बरेच जण 'तीन फूट गुणिले एक एकर' असा हिशेब करून घाबरतात. तसं नसतं. वरच्या बाजूची माती काढून खालच्या बाजूला टाकायची, मधोमध जमीन आहे तशीच राहते. सगळ्यात वरच्या टोकाला दीड फूट खोदाई, मध्यावर शून्य. म्हणजे वरच्या अर्ध्या एकरात सरासरी पाऊण फूट. 21,780 चौरस फुटाला पाऊण फूट म्हणजे सुमारे 163 ब्रास. खणल्यावर माती फुगते. पंचवीस टक्के फुगवटा धरला तर डोझरला प्रत्यक्षात 204 ब्रास ढकलावी लागते. सरासरी ढकलण्याचं अंतर लांबीच्या दोन-तृतीयांश, म्हणजे 133 फूट किंवा चाळीस मीटर.

लहान डोझर एका खेपेत अर्धा ब्रास ढकलतो असं धरू. ढकलताना ताशी तीन किलोमीटर, रिकामा मागे येताना सहा किलोमीटर. जायला 48 सेकंद, यायला 24, गिअर बदलायला दहा. एक खेप 82 सेकंदांची. तासातली पन्नास मिनिटं खरी कामाची धरली तर 36 खेपा, म्हणजे ताशी 18 ब्रास. एकूण काम साधारण 11 तासांचं.

हेच रान मधोमध एक बांध घालून दोन टप्प्यांत केलं तर? प्रत्येक टप्प्यात उतार दीड फूट, सगळ्यात जास्त खोदाई नऊ इंच. दोन्ही टप्पे मिळून हलवायची माती 82 ब्रास, फुगवट्यासह 102. अंतरही निम्म्यावर, वीस मीटर. एक खेप 46 सेकंदांत, ताशी 32 ब्रास. काम तीन तासांच्या थोडं वर, बांध घालायला आणखी एखादा तास धरा.

म्हणजे अकरा तासांचं काम चार तासांवर आलं, तेही तोच लहान डोझर ठेवून. माती निम्मी झाली आणि अंतरही निम्मं झालं, म्हणून काम जवळपास पावपट. मोठं मशीन आणून जी बचत झाली असती तेवढीच शेताची आखणी बदलून झाली. तोटा एवढाच की मधल्या बांधाखाली तीन फूट रुंदीची पट्टी जाते. 218 फूट लांबीला ती पाऊण गुंठ्यापेक्षा कमी भरते. ट्रॅक्टर वळवायला थोडी अडचण होईल हे खरं. भाताच्या शेतकऱ्याला टप्पे नवीन नाहीत. उसाच्या किंवा भाजीच्या रानाला हा विचार जास्त करून पाहावा.

ताशी दर स्वस्त, काम महाग

मशीन ठरवताना आपण पहिला प्रश्न विचारतो, 'ताशी किती?' खरा प्रश्न 'ब्रासमागे किती पडेल?' हा आहे. वरचंच उदाहरण, एकाच टप्प्यातलं, पुढे नेऊ. खालचे दर फक्त हिशेबासाठी धरलेले आहेत, आपल्या गावातला भाव घालून बघावं.

लहान डोझर ताशी 1,800 रुपये, आणण्या-नेण्याचे 4,000. वीस टनी डोझर ताशी 4,000, लो-बेड ट्रेलरवरून आणण्या-नेण्याचे 12,000. मोठ्याच्या ब्लेडपुढे एका खेपेत 1.4 ब्रास माती बसते, त्यामुळे 204 ब्रासचं काम तो चार तासांत उरकतो.

एका एकराला लहान मशीनचे 19,800 अधिक 4,000, म्हणजे 23,800 रुपये. मोठ्याचे 16,000 अधिक 12,000, म्हणजे 28,000. इथं लहान स्वस्त. पण लागून असलेले तीन शेतकरी एकत्र आले तर चित्र बदलतं. तीन एकरांना लहान मशीनचे 63,400 रुपये, मोठ्याचे 60,000. मोठ्या मशीनचा खर्च ते आणण्यात असतो, म्हणून ते एकट्या-दुकट्याला परवडत नाही आणि गटाला परवडतं. दोन टप्प्यांचं काम असेल तर एका एकराला लहान डोझर, बांधाचा तास धरून, अकरा-बारा हजारांत पुरा होतो. तिथं मोठ्याचा विचारच नको.

दर ठरवताना तीन गोष्टी बोलून घ्याव्यात. डिझेल कुणाचं? तास कसा मोजायचा, घड्याळावर की मशीनच्या अवर मीटरवर? आणि कमीत कमी किती तासांचे पैसे द्यावे लागतील? दोन तासांच्या कामाला आठ तासांचं भाडं भरावं लागलं तर वरचा सगळा हिशेब कोलमडतो. माती मोजून ठेवलेली असेल तर उक्तं काम देणं जास्त बरं, कारण मग सावकाश चालवण्यात ऑपरेटरचा काही फायदा उरत नाही.

जमीन कुठली, त्यावर बरंच काही

जिल्ह्याची जमीन एकसारखी नाही. पूर्वेला गोकाक, बैलहोंगल, सौंदत्तीकडे काळी माती. पश्चिमेला खानापूरकडे तांबडी आणि तिच्याखाली जांभ्याचा थर. काळ्या मातीत ओल असताना कुठलंही टायरचं मशीन नेऊ नये. चेनचं मशीन वजन मोठ्या पट्ट्यावर पसरतं, म्हणून ते कमी रुततं. तरीही वीस टनांचं वजन पुन्हा पुन्हा एकाच वाटेनं गेलं की खालची माती दगडासारखी होते आणि पुढच्या हंगामात मुळं तिथंच अडतात. काळ्या रानाला लहान डोझर, तोही माती कोरडी असताना. काम झाल्यावर खोल नांगरट करून घ्यावी.

जांभ्याच्या भागात उलट आहे. तिथं वजन लागतं. मागच्या बाजूला रिपरचा दात असलेला जड डोझर थर फोडू शकतो. हलका डोझर वर घसरत राहतो, तास वाढवतो आणि स्वतःची झीज करून घेतो. थर फारच कठीण असेल तर ब्रेकर लावलेला पोकलेन. म्हणून मशीन सांगण्याआधी दोन-तीन ठिकाणी दोन फुटांचे खड्डे काढून पाहावेत. खाली काय आहे हे कळायला अर्धा दिवस पुरतो.

येळ्ळूर-वडगाव भागासारख्या भातशेतीत आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. वर्षानुवर्षं चिखलणी झालेल्या शेतात वरच्या मातीखाली एक घट्ट थर तयार होतो. पाणी धरून ठेवतो तो हाच. वरच्या बाजूला खोल कापत गेलं तर तो फुटतो, मग शेत दिसायला सपाट दिसतं पण पाणी टिकत नाही.

सगळ्यात मोठं नुकसान होतं ते वरच्या मातीचं. सेंद्रिय अंश आणि जीव असलेली माती वरच्या सहा-आठ इंचांतच असते. एकाच टप्प्यात सपाटीकरण केलं तर वरच्या टोकाला दीड फूट खोदाई, म्हणजे तिथला सगळा कस निघून खालच्या भरावात गाडला जातो. मग निम्म्या शेतात पीक डौलदार आणि निम्म्यात पिवळं. उपाय असा की जिथं एक फुटापेक्षा जास्त खोदाई आहे तिथली वरची सहा इंच माती आधी खरवडून बाजूला ढीग करायची, खालची माती हलवायची आणि शेवटी ढीग परत पसरायचा. हे जादा काम आहे, पण नंतर शेणखताच्या ट्रॉल्या ओतण्यापेक्षा स्वस्त. या कामाला नेमकेपणा लागतो, म्हणून इथंही लहान ब्लेड आणि जाणता ऑपरेटर बरा.

घराच्या प्लॉटवरच्या भरावाची गोष्ट वेगळी. तिथं माती घट्ट बसली पाहिजे. डोझर माती पसरतो, पण त्याची चेन वजन पसरवत असल्यामुळे खोलवर दाबत नाही. चार फूट भराव एकदम लोटून त्यावर बांधकाम केलं तर पावसाळ्यानंतर फरशी खचते. आठ-दहा इंचांचा थर, हलकं पाणी, वर रोलर, मग पुढचा थर, असंच काम करून घ्यावं. अशा प्लॉटला मोठ्या डोझरपेक्षा जेसीबी आणि रोलर यांची जोडी जास्त उपयोगी पडते.

वाट, तारा आणि हद्द

लहान डोझरचं ब्लेड साधारण आठ-नऊ फुटांचं, मोठ्याचं दहा ते बारा-तेरा फुटांचं. आपल्या बऱ्याच गाडीवाटा यात बसत नाहीत. ट्रेलर कुठपर्यंत येतो, वाटेतली मोरी वीस टन पेलेल का, शेतावरून गेलेल्या विजेच्या तारा किती खाली आहेत, हे आधी चालत जाऊन पाहावं. चेनचं मशीन डांबरी रस्त्यावरून चालवत नेलं तर रस्ता उखडतो आणि ग्रामपंचायतीशी वाद ओढवतो.

हद्दीचे दगड डोझरखाली गाडले जाणं हे भावकीतल्या भांडणाचं जुनं कारण आहे. शंका असेल तर आधी हद्दबस्त करून घ्यावं. निदान शेजाऱ्याला समोर उभं करून दगडांना चुना मारावा, फोटो काढावेत आणि बांधापासून तीन-चार फूट अंतर सोडूनच मशीन चालवावं. पाण्याची वाटही तशीच. आपलं रान सपाट करताना पूर्वीचा ओघळ बुजवला तर पाणी खालच्याच्या शेतात शिरतं. बळ्ळारी नाल्याच्या काठच्या शेतकऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. नाल्याकाठी एकानं भराव टाकला की पाणी दुसऱ्याच्या भातात थांबतं.

तीन राज्यं, तीन कायदे

इथली मशीनं आज खानापुरात, उद्या चंदगडात, परवा गोव्यात जातात. कायदा मात्र सीमेवर बदलतो.

कर्नाटकात शेतजमीन शेतीसाठीच सपाट करायला बिनशेती परवानगीचा प्रश्न येत नाही. प्लॉट पाडायचे किंवा घर बांधायचं असेल तर 1964 च्या कर्नाटक जमीन महसूल कायद्याच्या कलम 95 प्रमाणे जमिनीचं रूपांतर आधी करून घ्यावं लागतं. माती किंवा मुरूम शेताबाहेर नेऊन विकायचा तर तो गौण खनिजात येतो आणि खाण व भूविज्ञान खात्याचा संबंध येतो.

महाराष्ट्रात जमीन महसूल संहितेच्या कलम 48(7) नुसार बेकायदा उत्खननाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो आणि 48(8) खाली मशीन व वाहन जप्त होऊ शकतं. प्लॉटवर पाया खोदताना निघालेली माती तिथंच वापरली तर काय, यावर पुण्याच्या बांधकाम व्यावसायिकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2014 मध्ये निकाल दिला आहे. नुसती माती खणली म्हणून सरसकट आकारणी करता येणार नाही, तिचा वापर कशासाठी झाला ते पाहावं लागेल, असा त्याचा आशय आहे.

गोव्यात नगर व ग्रामनियोजन कायद्याचं कलम 17अ आहे. डोंगर कापायला किंवा सखल जमिनीत भराव टाकायला तिथं नगरनियोजन खात्याची पूर्वपरवानगी लागते, जमीन स्वतःची असली तरी. नातेवाइकांच्या जागेवर काम आहे म्हणून मशीन पाठवणाऱ्या आपल्याकडच्या मालकांनी परवानगीचा कागद आधी हातात घ्यावा.

डोंगरउताराच्या जमिनीत कायद्यापलीकडचाही धोका आहे. 30 जुलै 2014 रोजी पुणे जिल्ह्यातलं माळीण गाव दरडीखाली गेलं आणि दीडशेहून जास्त माणसं दगावली. अतिवृष्टी हे मोठं कारण होतंच, पण उतारावर यंत्रानं केलेल्या सपाटीकरणाचीही तेव्हा बरीच चर्चा झाली. खानापूरच्या घाटाकडच्या गावांत पाऊस कमी नाही. तीव्र उतारावर मोठा डोझर चालवून एकदम रुंद पट्टा काढण्याऐवजी अरुंद टप्पे, मजबूत बांध आणि पाण्याला ठरलेली वाट ठेवणं गरजेचं आहे.

मशीनमालकाला फोन करण्याआधी

एका कागदावर पाच गोष्टी लिहून ठेवाव्यात. उतार किती, हे पाण्याच्या नळीनं किंवा लेव्हलनं मोजून. माती किती ब्रास. ढकलायचं अंतर किती. खाली माती की जांभा. आणि वाट किती रुंद.

दोनशे ब्रासच्या आतलं काम, मऊ माती, अंतर पन्नास मीटरच्या आत, असं असेल तर लहान डोझर. चार-सहा इंचांचाच प्रश्न असेल तर नांगरट करून ट्रॅक्टरचं ब्लेड. जांभा असेल, किंवा तीन-चार शेतकरी मिळून काम काढत असतील, तर वीस टनी. माती लांब किंवा बाहेर न्यायची तर पोकलेन-टिपर. खणायचं आणि भरायचं थोडंथोडं काम असेल तर जेसीबी.

पण या सगळ्याआधी रानात उभं राहून एकच बघावं की शेत दोन टप्प्यांत बसतं का. बसत असेल तर मशीन किती टनांचं यापेक्षा त्या मधल्या बांधानं जास्त पैसे वाचतील आणि वरची माती वरच राहील.